वळणाची साइडपट्टी

रस्त्याला माणूस असतो, हे आता कुणाला सांगून पटायचं नाही. पूर्वी असायचा. आमच्या गावाजवळून जो डांबरी रस्ता जातो, त्याच्या दर मैलाला एक माणूस नेमलेला होता. त्याला मैलकुली म्हणत. मैल मागे पडले, कडेच्या दगडांवर किलोमीटर आले, पण हुद्द्याचं नाव तेच राहिलं. मैलकुलीनं आपल्या वाट्याचा रस्ता सांभाळायचा. खड्डे बुजवायचे, कडेचे चर मोकळे ठेवायचे, मोरीत अडकलेला पालापाचोळा ओढून काढायचा, दगडांना चुना लावायचा, आणि रस्त्यावर एखादं जनावर मरून पडलं असेल तर तेही उचलायचं. गाडीतून जाणाऱ्याला हा माणूस कधी नीट दिसत नसे. उन्हात वाकलेली एक पाठ दिसे, तोवर गाडी पुढे गेलेली असे.

अशाच दोन पाठींची ही गोष्ट आहे.

वरच्या मैलाचा माणूस दोरीवाला. त्याला नाव होतं, पण गावानं ते वापरायचं कधीच सोडून दिलं होतं. रस्त्याची कड धरताना तो नजरेवर भिस्त ठेवत नसे. दोन खुंट्या ठोकायचा, दोरी ताणायचा, आणि मगच फावडं हातात घ्यायचा. त्याच्या अंगणातली जळणाची लाकडंसुद्धा एका ओळीत रचलेली असत. त्याची बायको म्हणायची, "मला बघायला आले तेव्हा दोरी घरी विसरले होते, म्हणून माझं जमलं."

खालच्या मैलाचा माणूस म्हणजे तिचाच धाकटा भाऊ. त्याला सगळे सावकाश म्हणत. काही विचारलं की त्याचा पहिला शब्द तोच. जेवलास का? सावकाश. गाडी येतेय, बाजूला हो. सावकाश. आईबाप लवकर गेले, तेव्हा ताईनंच त्याला वाढवला, लग्नाला उभा केला. खालच्या मैलावर, अगदी रस्त्याला लागून, त्याचं, बायकोचं आणि लहान मुलीचं दोन खोल्यांचं घर होतं. ताईचं माहेर म्हणून जे काही होतं ते तेवढंच. ती गेली की भावजय तिला बसवून ठेवत नसे. हातात विळी द्यायची, पुढ्यात भाजी टाकायची आणि म्हणायची, चिरता चिरता बोला. माहेर म्हणजे तरी दुसरं काय असतं?

सावकाशला कामाला लावला तो दोरीवाल्यानंच. त्याच्यासाठी मुकादमाच्या दारात तो किती वेळा जाऊन बसला, ते त्याचं त्यालाच ठाऊक. आणि काम शिकवलं तेही त्यानंच. पहिल्या दिवशी त्यानं मेहुण्याला खड्डा दाखवला नाही, डांबर दाखवलं नाही. रस्त्याच्या कडेला नेऊन उभा केला. डांबराच्या दोन्ही अंगांना दगड-मुरुमाची जी कच्ची पट्टी असते, तिला साइडपट्टी म्हणतात. दोरीवाला म्हणाला, मधला खड्डा लोकांना दिसतो, त्याला लोक शिव्या देतात, तो बुजवला की गप्प बसतात. ही पट्टी कुणाला दिसत नाही. पण ही गेली की डांबराची कड अधांतरी लोंबते, चाकाखाली मोडते, मग तिच्या आतली मोडते, आणि रस्ता कडेकडेनं कुरतडत आत येतो. एकदा तो आत यायला लागला की कुणाच्या बापाला आवरत नाही. म्हणून कडेनं चालताना टाच दाबायची. टाच रुतली तर समजायचं.

तेव्हापासून दोघंही चालताना टाच दाबत चालायचे. बाजारातही, लग्नातही. लोक हसत.

दोन मैलांच्या हद्दीवर एक दगड होता. दुपारी दोघं आपापले डबे घेऊन तिथं भेटत. सावकाश बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणे, आणि दोरीवाला त्याला पाहुणे म्हणे, जणू रोज भेटणारा हा माणूस आजच कुठून तरी आलाय. एकाकडे खडी कमी पडली तर दुसऱ्याच्या ढिगातून घ्यायची आणि पुढच्या खेपेला परत टाकायची, अशी रीत होती. सगळ्या रस्त्यावरच ती रीत होती. कचेरीला त्यातलं काही सांगत नसत. कचेरीही विचारत नसे.

जेवताना एखादी मोटार गेली की सावकाश बसल्या जागी हात कपाळाला लावायचा आणि म्हणायचा, "आले मालक." मोठा ट्रक गेला तर म्हणायचा, "थोरले मालक आले." एकदा कचेरीतल्या कारकुनानं त्यांना समजावून सांगितलं होतं की पंपावर जे तेल विकलं जातं, त्याच्या प्रत्येक लिटरमध्ये सरकारचा कर असतो, आणि त्याच करातून रस्त्याची खडी, रस्त्याचं डांबर आणि तुमचा पगार निघतो. ते ऐकल्यापासून सावकाशला रस्त्यावरचा प्रत्येक गाडीवाला मालक वाटायला लागला होता. दोरीवाल्याचा मुलगा मालाचा टेम्पो चालवायचा. डिझेल भरून आला की तो आईला सांगायचा, "बाबांच्या जेवणाचे पैसे पंपावर भरून आलोय, वाढ त्यांना." दोरीवाला म्हणायचा, "आणि तू ज्याच्यावरून आलास तो रस्ता काय आभाळातून पडला?" हे रोजचंच होतं. घरात अशा चकमकी झाल्याशिवाय घास खाली उतरत नाही.

मग एका वर्षी तेल फार महागलं. आधी दर आठवड्याला थोडं, मग रोजच. टेम्पोवाल्यांचं कंबरडं मोडलं. मुलगा सकाळी निघायचा आणि संध्याकाळी येऊन सांगायचा, दिवसभर गाडी पळाली ती पंपवाल्यासाठी. त्यात खोटं काही नव्हतं. टेम्पोचे हप्ते होते, सुनेचे दिवस भरत आले होते. गाडीवाल्यांनी संप केला. तेलावरचा कर कमी करा, एवढीच मागणी. मुलगा सगळ्यांच्या पुढे होता. घसा बसेपर्यंत ओरडला. त्याच्या आईनं त्याला रोज गरम पाणी करून दिलं, आणि दोरीवाल्यानं एक दिवस स्वतः जाऊन त्याला डबा पोचवला. पोटचा पोर रस्त्यावर बसलाय म्हटल्यावर बाप दुसरं काय करणार?

संप सफल झाला. कर उतरला. गावात लोक एकमेकांना चहा पाजत फिरले. दुसऱ्या दिवशी दुपारी हद्दीच्या दगडावर सावकाशनं डबा उघडला आणि हसत म्हणाला, "दाजी, मालकांनी आपला हिस्सा कापला, आणि आपण टाळ्या वाजवल्या."

दोरीवालाही हसला. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं हे कळायला पुढचा हंगाम उजाडावा लागला.

दर वर्षी रस्त्याला खडीचे ट्रक यायचे, डांबराची पिंपं यायची. त्या वर्षी दोन्ही मैलांत मिळून एक ट्रक आला. दोघांनी तो घमेल्यानं मोजून निम्मा निम्मा केला. पुढच्या वर्षी तोही आला नाही. जे काही पैसे उरले होते ते पलीकडच्या नव्या रुंद रस्त्याकडे वळले होते. तिथं मोठाली यंत्रं आली होती, ठेकेदार आला होता. कचेरीतल्या इंजिनिअर बाई हे सांगायला स्वतः आल्या. बाई चांगल्या होत्या. रस्त्याची जाण होती, उन्हाची सवय होती, आणि माणसाशी बोलताना गाडीतून उतरून बोलायच्या. हद्दीच्या दगडावर बसून दोघांच्या मडक्यातलं पाणी त्या प्यायल्या आणि म्हणाल्या, "नवा रस्ता दिसतो. दुरुस्ती दिसत नाही. वर बसलेल्यांना मी काय दाखवू?"

मग खरी गोष्ट सांगितली. दोन मैलांना मिळून आता एकच माणूस राहील. पावसाळा सरला की त्या येतील, दोन्ही मैल चालून बघतील, आणि ज्याचं काम चांगलं त्याला ठेवतील. दुसऱ्याला त्या नव्या रस्त्यावर ठेकेदाराकडे रोजंदारीवर लावून देतील. एवढंच त्यांच्या हातात होतं.

बाईंची गाडी गेली. त्या दिवशी सावकाशनं तिला मालक म्हटलं नाही.

घरी दोरीवाल्यानं बायकोला सांगितलं. ती चुलीपुढे होती. मागे न वळता तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "जाणार एक, पण दोन्हीकडून माझंच जाणार." तुम्ही राहिलात तर भावजयीच्या दारात मी कुठल्या तोंडानं उभी राहू, आणि धाकटा राहिला तर तुम्ही त्याचं तोंड बघाल का, असं तिनं विचारलं. दोरीवाला म्हणाला, ज्याचं काम चांगलं तो राहील, त्यात आपण काय करणार. त्यावर ती म्हणाली, "मग दोघंही वाईट करा." आणि पदरात तोंड घालून हसली, की रडली, ते त्याला पाठमोरं कळलं नाही.

सुरुवातीला दोघंही पूर्वीसारखेच दगडावर जेवायला बसत. पण बोलणं आटलं. आधी डब्यातलं एकमेकांना देत. आता आपापलं खाऊन उठत. पावसाळ्यानं दोन्ही मैल सारखेच फोडले. खड्डे पडले, आणि भरायला खडी नव्हती. सावकाशनं आपल्या पद्धतीनं काम केलं. खड्डा चौकोनी कापायचा, आतली माती खरवडून साफ करायचा, आणि जेवढी खडी असेल तेवढ्यात जेवढे खड्डे नीट भरता येतील तेवढेच भरायचे. बाकीचे तसेच उघडे. त्यामुळे त्याचा मैल ठिगळं लावता लावता कापड संपल्यासारखा दिसायचा.

दोरीवाल्याला ते जमणारं नव्हतं. पैशाचा प्रश्न होताच, पण तो पुढचा. ज्या माणसानं सगळ्यांना काम शिकवलं, ज्याच्या कडा बघायला दुसऱ्या रस्त्यावरचे मैलकुली यायचे, त्याच्या मैलावर बाईंनी उघडे खड्डे बघायचे, आणि त्यानं उतारवयात ठेकेदाराच्या पोरसवदा मुकादमापुढे घमेलं घेऊन उभं राहायचं, हे त्याच्या मनाला सोसेना. तो रोज मैलभर चालायचा आणि टाच दाबायचा. आणि टाच दाबता दाबताच त्याला ते सुचलं.

त्याच्या मैलात एक मोठं वळण होतं. खाली घळ होती, म्हणून तिथली साइडपट्टी पूर्वी फार जपून भरली होती. त्याच्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ते काम झालं. बायको तेव्हा रोजंदारीवर होती. तिनं डोक्यावरून वाहिलेला दगड आणि त्यानं धुमुस, म्हणजे दांड्याचा जड ठोकळा, मारून बसवलेला दगड. हातभर खोल नुसता चांगला दगड आणि मुरूम. इतक्या वर्षांत तिथं टाच कधी तसूभर रुतली नव्हती.

सकाळी, रस्त्यावर वर्दळ सुरू व्हायच्या आधी, त्यानं तिथं कुदळ घातली.

पट्टीतला दगड काढला, फोडला, आणि मधल्या खड्ड्यांत भरला. वर उरलंसुरलं डांबर झारीनं शिंपडलं, धुमुस मारली. पट्टीची जी पोकळ खाच झाली, तिच्यात शेजारच्या शेतातली भुसभुशीत माती टाकली. मातीवर हिरवळीचे तुकडे आणून लावले, पाणी घातलं, आणि दोरी ताणून कड सरळ केली. रोज थोडं थोडं. महिनाभरात त्याचा मैल आरशासारखा झाला. मधे एक खड्डा नाही, कडेला हिरवीगार किनार. गाडीवाले हात करून जायला लागले. मुलगा घरी येऊन म्हणाला, बाबा, पैसे नसताना तुम्ही हे केलंत कसं? बाप जेवत राहिला.

बाई यायच्या दोन दिवस आधी सावकाश धुमुस मागायला आला. त्याच्या धुमुसेचा दांडा मोडला होता. दोरीवाला वळणावरच होता. सावकाश कडेनं चालत आला, आणि सवयीनं त्यानं टाच दाबली. टाच आत गेली. घोट्यापर्यंत गेली.

त्यानं पाय काढला. खाली बघितलं, दाजींकडे बघितलं नाही. मग म्हणाला, "दाजी, इथं गवत छान आलंय."

"पाणी घातलं," दोरीवाला म्हणाला.

सावकाशनं धुमुस खांद्यावर घेतली आणि आला तसा गेला. या वेळी डांबरावरून चालला.

बाई आल्या. दोन्ही मैल चालून पाहिले. सावकाशच्या मैलावर त्यांनी बुजवलेले खड्डे बुटाच्या टाचेनं दाबून बघितले आणि मान हलवली, पण उघडे खड्डे मोजताना त्यांचा चेहरा उतरत गेला. दोरीवाल्याच्या मैलावर त्यांचा चेहरा खुलला. दोन्ही मैलकुली त्यांच्या मागून चालत होते. वळणाजवळ त्या थांबल्या. एका मैलाचं काम बघताना शेजारच्या मैलकुलीला विचारायचं, अशी रस्त्यावरची जुनी पद्धत. शेजाऱ्याला सगळं ठाऊक असतं, आणि उद्या आपल्यालाही त्याच्याच तोंडी जायचंय म्हणून तो खोटं बोलत नाही. बाईंनी सावकाशला विचारलं, इकडची साइडपट्टी कशी आहे?

दोरीवाल्याच्या पायाखालची जमीन त्या वेळी खरोखरच भुसभुशीत होती.

सावकाश म्हणाला, "साइडपट्टी मला यांनीच शिकवली, बाई."

बाईंना तेवढं पुरलं. त्या पुढे चालू लागल्या. संध्याकाळी निरोप आला, दोन्ही मैल दोरीवाल्याकडे.

घरी बायकोनं पहिला प्रश्न विचारला तो भावाचा. धाकट्याचं काय? त्यानं सांगितलं, ठेकेदाराकडे. दुसऱ्या दिवशी धान्याची पिशवी घेऊन ती माहेरी गेली आणि लगेच परत आली. भावजय वाकडं काही बोलली नव्हती. तिनं नणंदेला खुर्ची दिली, चांगल्या कपात चहा दिला, समोर बसली. भाजी टोपलीत तशीच होती, विळी भिंतीला टेकून उभी होती. "मला चहा दिला," एवढंच तिनं नवऱ्याला सांगितलं. पाहुण्यासारखा चहा मिळतो ते माहेर नव्हे. ती आणखी दोनदा गेली, दोनदा चहा प्यायली, मग जायची बंद झाली.

नव्या रस्त्याचं काम लांब होतं. सावकाश तिथंच तंबूत राहायचा. रोजाचा दर बरा होता असं म्हणत, पण ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी दाम नाही, आणि आजारी पडायला परवानगी नाही. सावकाश करायची सोय तर मुळीच नाही. तिथं उकळतं डांबर गाडीतून नळीनं येतं आणि यंत्र पुढे सरकलं की माणसानं मागोमाग पळायचं. तो महिन्याच्या शेवटी घरी येई, मग दोन महिन्यांनी येऊ लागला. येताना वरच्या मैलावरून येई. दाजी दिसले तर हात कपाळाला लावी, जसा मोटारींना लावायचा तसा, पण थांबत नसे.

पुढचा पावसाळा वळणाला लागला. आधी हिरवळ खचली, मग मातीचा गोळा घळीत गेला, आणि डांबराची कड अधांतरी राहिली. एका ट्रकाच्या मागच्या चाकानं तिचा पहिला तुकडा पाडला. त्यानंतर रोज एक घास. दोरीवाला दोन मैलांत एकटा, खडी नाही, डांबर नाही. त्यानं फांद्या रोवल्या, दगडांना चुना फासून आडवे ठेवले, लाल फडकं बांधलं. रस्ता निम्मा उरला. एका वेळी एकच गाडी जाऊ शके. आणि खाली, सावकाशच्या मैलावर, खड्डे वाढले होते खरे, पण साइडपट्टी जशीच्या तशी होती. दोरीवाला तिथं टाच दाबून चालायचा. एका इंचाचाही फरक नव्हता.

पाऊस संपता संपता नव्या रस्त्यावर डांबराची नळी सुटली, आणि सावकाशचा पाय मांडीपासून खाली भाजला. ठेकेदारानं इस्पितळात पोचवला आणि तिथंच हात झटकले. काही दिवसांनी डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. त्या म्हणण्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. दोरीवाल्याचा मुलगा टेम्पो घेऊन गेला. मागे गादी टाकली, तिच्यावर मामाला निजवला. मामाच्या उशाशी ताई आणि मामी बसल्या.

टेम्पो वळणावर आला तेव्हा दोरीवाला लाल फडकं हातात घेऊन उभा होता. पलीकडून येणाऱ्या गाड्या त्यानं थांबवल्या आणि टेम्पोला हातानं खुणावत, पावला पावलानं, उरलेल्या अर्ध्या रस्त्यावरून पुढे घेतला. चाक कडेपासून वीतभर होतं. टेम्पोच्या फळकुटाला धरून बसलेल्या त्याच्या बायकोनं खाली पाहिलं. खचलेल्या पट्टीची सगळी आतली बाजू उघडी पडली होती. तळापर्यंत नुसती काळी शेतमाती. तिच्यात एक दगड नव्हता.

भावाला घरी उतरवून, त्याला पाणी पाजून, ती चालत वळणावर परत आली. नवरा अजून तिथंच उभा होता.

"इथला दगड कुठं गेला?" तिनं विचारलं.

त्यानं सगळं सांगितलं. कुदळ घातली तिथपासून ते धाकट्याची टाच रुतली तिथपर्यंत. ती खाली घळीत बघत ऐकत होती. तो थांबला तेव्हा म्हणाली, हे मला सांगून काय उपयोग, ज्याला सांगायचं त्याच्याकडे जा. तो अजून ऐकतोय तोवर जा.

दोरीवाला गेला. इतक्या वर्षांत त्या घरात तो कधी न वाकता शिरला नव्हता, कारण दार बुटकं होतं. त्या दिवशी तो दाराबाहेरच वाकला. सावकाश भिंतीकडे तोंड करून पडला होता. खोलीत मलमाचा आणि कुजक्या मांसाचा वास होता. भावजय पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेली. दोरीवाला जमिनीवर बसला आणि बोलायला लागला. सावकाशनं त्याला मधेच थांबवलं.

"मला माहीत होतं, दाजी."

"मग बाईंना बोलला का नाहीस?"

सावकाशनं हळूहळू तोंड इकडे वळवलं. ताप डोळ्यांत उतरला होता, पण ओठांवर जुनं हसू आणायचा त्यानं प्रयत्न केला. म्हणाला, "बोललो असतो तर तुमचं काम गेलं असतं, आणि माझ्यामुळं गेलं असतं. मग ताईनं या घरी कसं यायचं? म्हटलं, मी जातो. माझं गेलं तर तिला दोन्ही घरं राहतील."

दोरीवाल्याला सांगवेना की आज टेम्पोतून आली त्याआधी वर्षभर तुझी ताई या दाराशी आलेली नाही. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, हेच बरं. त्यानं मेहुण्याचा हात हातात घेतला. खडी फोडून फोडून दोघांच्याही तळहातांना सारख्याच जागी घट्टे होते. बाहेरून एक ट्रक गेला, भिंत थरथरली, पण "थोरले मालक आले" असं कुणी म्हणालं नाही.

आठवडाभरात सावकाश गेला. दिवस झाल्यावर भावजयीनं मुलीचं दप्तर, भांडी, कपडे बांधले आणि ती आपल्या भावाकडे निघून गेली. तिला तरी इथं काय होतं? निघताना ती नणंदेच्या गळ्यात पडून रडली, आणि घराची किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवून गेली. नणंदेकडे दिली नाही.

दोरीवाला एकदा इंजिनिअर बाईंकडे गेला. आपण केलं ते सांगितलं, आणि म्हणाला, माझी जागा मेहुण्याच्या बायकोला द्या. बाईंनी त्याला बसवलं. रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, तुम्ही निवृत्त झालात की ही जागाच राहणार नाही, मी कुणाला काय देऊ? मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या की त्या दिवशी वळणावर आपण थांबलो होतो, आपलीही टाच दाबून बघायची राहिली.

त्यानंतर त्यानं वळण भरायला घेतलं. सरकारी काम संपलं की सायकलला दोन पोती लावून ओढ्यावर जायचा, दगड भरायचा, सायकल ढकलत वळणावर आणायचा. घळीतून थर लावत वर यायचं होतं. पोरानं टेम्पो देतो म्हटलं, तर नको म्हणाला. तो म्हातारा झाला होता, आणि एका पोत्यात किती दगड मावतात हे बघून लोकांना त्याची कीव यायची. हिवाळा गेला, उन्हाळा अर्धा सरला. काम जवळजवळ रस्त्याच्या कडेला येऊन भिडलं, तेव्हा एका सकाळी त्याची बायको डोक्यावर चुंबळ ठेवून तिथं आली. तिनं घमेलं उचललं. ती दगड द्यायची, तो बसवायचा. ती मुरूम टाकायची, तो धुमुस मारायचा. जाणारे-येणारे बघत होते. धापा तेवढ्या ऐकू येत होत्या.

दुपार कलता कलता मोडलेल्या डांबराची जागा भरून निघाली आणि पट्टी पुरी झाली. शेवटचा मुरूम दाबला गेला. तिनं चरातल्या पाण्यात हात धुतले, पदरानं पुसले, आणि घराकडे न वळता ती रस्त्यानं खाली चालू लागली. हद्दीचा दगड ओलांडून गेली. कुलूप लावलेल्या त्या दोन खोल्यांच्या घरापाशी थांबली. दाराच्या पायरीवर साचलेला पाचोळा हातानं बाजूला केला आणि तिथं बसली.

दोरीवाल्याला वळणावरून ती दिसत होती. मागे जावं असं त्याला वाटलं, पण पाय उचलला नाही. त्यानं कुदळ, फावडं, घमेलं एका जागी गोळा केलं आणि आपण केलेल्या पट्टीवर बसून राहिला. ऊन उतरलं. ती उठली नाही, तोही उठला नाही. दोघांच्या मधल्या रस्त्यावरून गाड्या जात होत्या, येत होत्या. वळणावर आता कुणीही वेग कमी करत नव्हतं.